मंडळाचा इतिहास लिहायचा म्हणजे नेमका कोणाचा?

ओसरी (धागाकर्ता)

आमच्या मंडळाचं पुढचं वर्ष सुवर्णमहोत्सवी. कार्यकारिणीने एकमताने ठराव करून स्मरणिकेतला इतिहासाचा लेख माझ्या गळ्यात मारला आहे. तयारी म्हणून आजूबाजूच्या मंडळांच्या बऱ्याच स्मरणिका गोळा केल्या. त्या एका बैठकीत वाचून काढल्या आणि हसावं की रडावं कळेना. 'परिसरातील काही ध्येयवेड्या तरुणांनी एकत्र येऊन लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे' हे पहिलं वाक्य जवळपास सगळीकडे तेच. पुढे मान्यवरांचे शुभसंदेश, आजी-माजी अध्यक्षांची यादी, रक्तदान शिबिराचा फोटो, मग जाहिराती. मंडळ का निघालं, त्याच गल्लीत का निघालं आणि शेजारच्या गल्लीतलं बंद पडलं तेव्हा हे कसं टिकलं, याबद्दल अवाक्षर नाही.

म्हणून हा धागा. आधी माझी समजूत मांडतो, मग जाणकारांनी भर घालावी किंवा ठोकून काढावी.

माझं म्हणणं असं की मंडळाचा खरा इतिहास हा जागेचा इतिहास असतो. ध्येयवेडे तरुण प्रत्येक गल्लीत, प्रत्येक पिढीत असतात. बसायला खोली आणि खेळायला चार हात मोकळी जमीन ज्यांना मिळाली, त्यांचं मंडळ झालं. बाकीच्यांचा नुसता कट्टा राहिला.

मागे जाऊन बघा. तालीम ही मंडळाची आजी. तालमीला छप्पर, हौदा आणि तांबडी माती लागते, म्हणजे जागा आधी आणि संघटना नंतर. नाशिकला १९०० साली सावरकर आणि त्यांच्या मित्रांनी मित्रमेळा काढला. वर गणेशोत्सव, शिवजयंती, व्याख्यानं आणि आत गुप्त राजकारण. १९०४ मध्ये त्याचीच 'अभिनव भारत' झाली. त्याआधी १८९३ पासून मुंबई-पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झालेलाच होता. गिरगावातली केशवजी नाईक चाळ हे त्यातलं ठळक नाव. मला यात चाळ महत्त्वाची वाटते, कारण सामायिक अंगण होतं म्हणून सार्वजनिक मूर्ती बसली.

मग व्यायामशाळांची लाट आली. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, वैद्य बंधूंनी काढलेलं. या मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचं. दादरचं समर्थ व्यायाम मंदिर त्याच्या पुढच्या वर्षीचं. या तिन्ही संस्था शंभरीपार आहेत आणि तिघींकडे स्वतःचं मैदान किंवा आखाडा आहे. हा योगायोग नाही असं मला वाटतं.

आमच्या मंडळाकडे जिन्याखालची एक खोली आहे. ती कशी मिळाली हे स्मरणिकेत छापता येणार नाही, इतकंच सांगतो.

तर प्रश्न असे: तुमच्या मंडळाची जागा कोणाची होती? जुनी कागदपत्रं कुठे सापडली? आणि अध्यक्षांच्या यादीला फाटा देऊन इतिहास लिहिला तर कार्यकारिणी मला जिवंत ठेवेल का?

---

चौथा मजला

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. यादी टाकाच. फक्त लेखाच्या शेवटी टाका.

बाकी जागेच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. माझं बालपण बीडीडी चाळीतलं. या चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची. त्यात दोन बिऱ्हाडं आणि वर एखादा पाहुणा गिरणीकामगार. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला, म्हणून पोरांना दिवसा घरात बसायची सोय नाही. पोरं दिवसभर बाहेर. ती पोरं म्हणजेच मंडळ! आमच्याकडे मंडळ 'स्थापन' वगैरे झालंच नसावं. आधीच होतं, कोणीतरी नंतर रबरी शिक्का बनवून घेतला.

चाळीत कबड्डी का रुजली याचंही उत्तर जागेतच आहे. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. दोन चाळींच्या मधल्या पट्ट्यात बसतं. साहित्य काही लागत नाही, चुन्याची फक्की आणि चड्डी-बनियन. क्रिकेटला काचा फुटतात, फुटबॉलला जागाच नाही. बुवा साळवींसारख्या माणसांनी या खेळाला नियम, संघटना आणि मान मिळवून दिला (त्यांचा जन्मदिवस १५ जुलै, तो कबड्डी दिन म्हणून पाळतात). १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचं सुवर्ण आलं, पण त्या खेळाचं पाळणाघर हा दोन चाळींमधला पट्टाच.

---

तालमीतला

ओसरी, तुम्ही तालमीला आजी म्हणालात. आमच्या कोल्हापुरात आजी अजून घर चालवते बघा.

इथे तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. पेठेतल्या प्रत्येक भागाची तालीम, तिचा गणपती वेगळा, तिची शिवजयंती वेगळी, आणि फुटबॉल संघही तिचाच. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावं बाहेरच्याला कुस्तीची वाटतील, पण शाहू स्टेडियममध्ये ही फुटबॉलची नावं आहेत. सामना असला की पेठाच्या पेठा गॅलरीत. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ ला खासबाग मैदान उभं राहिलं, तालमींना बळ मिळालं. पुढे लाल मातीतली गर्दी कमी झाली तेव्हा त्याच तालमींच्या पोरांनी पायात बूट चढवले. संस्था तीच, कट्टा तोच, खेळ बदलला.

म्हणून तुमच्या सिद्धांतात थोडी दुरुस्ती सुचवतो. जागेबरोबर ईर्षा लागते. समोरची तालीम नसती तर आमची कधीच बंद पडली असती. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, स्वतःच्या तालमीचं स्थापनावर्ष सांगताना अडखळतील, पण समोरच्यांना कुठल्या साली किती गोलांनी हरवलं ते तोंडपाठ. स्मरणिकेत प्रतिस्पर्धी मंडळाबद्दल एक पान तरी लिहाच. ते वाचायला तेसुद्धा विकत घेतील.

---

शंकेखोर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून बिब्बा घालतो.

जागा कोणाची या प्रश्नाचं खरं उत्तर 'नगरसेवकाची' असं आहे. जिन्याखालची खोली असो, पालिकेच्या भूखंडावरची पत्र्याची व्यायामशाळा असो किंवा समाजमंदिर, ती कोणीतरी मिळवून दिली आणि मग त्या कोणीतरीचा फोटो पन्नास वर्षं भिंतीवर. फलकावर 'आधारस्तंभ' म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा आणि पाच-पाच वर्षांनी ते कसं बदलतं तेही बघा. हाच तुमचा इतिहास. एखाद्या मंडळाने सगळ्या जुन्या फ्लेक्सचे फोटो ओळीने छापले तर वॉर्डाचा राजकीय इतिहास आयता तयार होईल.

वर्गणीवर चालणारं मंडळ आणि प्रायोजकावर चालणारं मंडळ हे दोन वेगळे प्राणी आहेत. दहीहंडीत हे उघड दिसतं. थर आधीही लागत होते, पण लाखांची बक्षिसं आली आणि गल्लीतला गोविंदा कंत्राटी झाला. मग उंचीवरून आणि पोरांच्या वयावरून कोर्टकज्जे. २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा आणि १८ वर्षांची अट कायम ठेवली, २०१७ ला उच्च न्यायालयात वयाची अट १४ वर आली आणि उंचीचं बंधन गेलं. २०२२ ला सरकारने साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. या सगळ्यात मंडळाच्या सभासदाला कोणी विचारलं होतं का?

---

ओसरी

शंकेखोर, मुद्दा मान्य, पण तुम्ही तो १९९० नंतरच्या काळाचा सांगताय. त्याआधीही पुढारी होतेच, फक्त तेव्हा मंडळातून पुढारी तयार व्हायचा. वर्गणी मागत दारोदार फिरलेल्या पोराला कुठल्या घरात किती माणसं, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण पैसे देताना कुरकुर करतो हे सगळं माहीत असतं. निवडणुकीला याहून जास्त काय लागतं? आता पुढारी मंडळं तयार करतो, दिशा उलटली. हा बदल नेमका कधी झाला यावर मला खरंच लिहायचं आहे.

तालमीतला, प्रतिस्पर्ध्यांचं पान नक्की. आमचे प्रतिस्पर्धी रस्त्याच्या पलीकडे आहेत आणि त्यांचा गणपती आमच्यापेक्षा एक फूट उंच असतो. हे मी छापणार नाही.

---

चाकरमानी

गिरणगाव निघालंच आहे तर एक वेगळ्या जातीचं मंडळ सांगतो: 'अमुक ग्रामस्थ मंडळ (मुंबई)'. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांची मुंबईत बैठकीची खोली असायची. एकाच गावचे बाप्ये भाडं वाटून घेऊन तिथे राहायचे, ट्रंका भिंतीला लावलेल्या, जेवण खानावळीत. त्या खोलीतच मंडळ. दर महिन्याला वर्गणी, न भरणाऱ्याला दंड. पैसा गावाकडे जायचा. गावातली शाळेची खोली, देवळाचा जीर्णोद्धार, विहिरीवरचा पंप, सगळं मुंबईच्या खोलीतून. गावातल्या तरुण मंडळाने नाटक बसवायचं ठरवलं तरी पडदे मुंबईहून.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या दृष्टीने तो संप कधी संपलाच नाही. आमच्या मंडळाच्या वहीत तोपर्यंत दरमहा नावासमोर आकडा आहे. मग काही पानांवर नुसतं 'येणे', 'येणे', 'येणे'. नंतर नावंच कमी होत जातात, कारण माणसं खोली सोडून गावी गेली. कोणी भाषण केलं नाही, ठराव नाही, पण मंडळाचं काय झालं ते त्या रकान्यात दिसतं. स्मरणिकेत मात्र 'काही अपरिहार्य कारणांमुळे मध्यंतरी कार्य थंडावले' असं छापलंय.

ती 'अपरिहार्य कारणं' लिहा, ओसरी.

---

हिशेबनीस

चाकरमानी यांनी माझ्या तोंडचं वाक्य घेतलं. इतिहास वहीत असतो, भाषणात नसतो. मी बरीच वर्षं मंडळांचे हिशेब बघतो, म्हणून थोडं तपशिलात.

एका मंडळाची जुनी जमाखर्च वही माझ्याकडे तपासायला आली होती. लाल कापडी बांधणी, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. गणेशोत्सवाच्या पानावर डाव्या बाजूला वर्गणी घरवार, उजवीकडे खर्च: गॅसबत्तीचं भाडं, सुतळी, खिळे, खळ, घोटीव कागद, भजनी मंडळास चहा. खाली शिल्लक आणि त्याखाली वेगळ्या शाईत 'शिलकीतून कॅरम बोर्ड घेणे, सर्वानुमते'. दोन पानांनंतर बोरिक पावडर. पुढच्या वर्षी दुसरा बोर्ड. मग वर्तमानपत्राचं मासिक बिल सुरू होतं आणि लगेच कपाटाची खरेदी. म्हणजे वाचनालय सुरू झालं! त्याचं उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं ते स्मरणिकेत आहे, पण ते गणपतीच्या शिलकीतून आणि कॅरमच्या मागोमाग आलं हे फक्त वहीत.

आता कागदपत्रांबद्दल. नोंदणीकृत मंडळ असेल तर बहुधा दुहेरी नोंदणी असते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. संस्थेला निदान सात सभासद लागतात, म्हणून जुन्या अर्जावर सात नावं, वय, धंदा आणि पत्ता सापडतो. ही तुमची खरी संस्थापकांची यादी, भिंतीवरच्या बोर्डाशी ताडून बघा. लेटरहेडवर एफ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो विश्वस्त नोंदणीचा. त्यावरून धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा मागता येतो.

एक इशारा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. किती मंडळं देतात? उतारा काढलात तर कागदोपत्री अजून वारलेली माणसं विश्वस्त असल्याचं दिसण्याची तयारी ठेवा. पुनर्विकासात जागेचा प्रश्न आला की हेच नडतं. बिल्डर विचारतो, खोली कोणाच्या नावावर? आणि नाव असतं कोणा कैलासवासी खजिनदाराचं.

---

निळाई

इतका वेळ वाचत होते. चर्चा छान आहे, पण 'परिसरातील तरुण' म्हणजे कोणते तरुण हे कोणी विचारलंच नाही.

दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवाचं १९२६ चं प्रकरण आठवा. वर्गणी सगळ्यांची, मग पूजेचा मान अस्पृश्य मानलेल्यांना का नाही, असा प्रश्न प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि मंडळींनी उभा केला. डॉ. आंबेडकरही त्यात होते. तुमच्या पावतीपुस्तकाचं राजकारण तेव्हापासूनचं आहे.

दोन वर्षांनी, १४ एप्रिल १९२८ ला, पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची जयंती पहिल्यांदा सार्वजनिकरीत्या साजरी केली. पुढे वस्तीवस्तीत जयंती मंडळं उभी राहिली. जलसे, वाचनालयं, अभ्यासिका, पाली-बौद्ध धम्माचे वर्ग. ही पण तरुण मंडळंच ना? चौथा मजला ज्या बीडीडी चाळींबद्दल बोलले तिथे जयंतीची मंडळं तितकीच जुनी आणि तितकीच दांडगी. पण 'मराठी मंडळांचा इतिहास' म्हटलं की टिळकांपासून सुरू होऊन गणपतीवर संपतो.

आणि दुसरं. तुमच्या कार्यकारिणीच्या इतिवृत्तात बाईचं नाव किती सालापर्यंत नाही ते मोजा. महाप्रसादाच्या पोळ्या लाटणाऱ्या कोण होत्या? हळदीकुंकू 'महिला विभागाने' केलं, असं एक वाक्य असेल. शिवशक्तीसारख्या महिला संघांनी कबड्डीत नाव काढलं ते तुमच्या मैदानावर सरावाला वेळ मिळाला म्हणून नव्हे, मिळत नव्हता म्हणून वेगळा संघ काढावा लागतो! (शेवटचं वाक्य सरसकट मुलींच्या संघांबद्दल आहे, एका संघाबद्दल नाही.)

---

तालमीतला

निळाई, आमच्या तालमीत बायकांना हौद्याजवळ येऊ देत नसत, हे खरंच आहे. आता पोरी कुस्ती खेळतात, तेव्हा तेच म्हातारे शिट्टी वाजवत उभे असतात. पण हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. तुमचा मुद्दा बरोबर.

---

वाचनमात्र

रोचक धागा. सहसा लिहीत नाही, पण दोन गोष्टी राहिल्यात असं वाटलं.

पहिली, राष्ट्र सेवा दल. ४ जून १९४१ ला पुण्यात त्याची नव्याने उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख. ते मंडळ नव्हे, शाखांची संघटना, पण गावोगावच्या तरुण मंडळांवर त्याची छाप आहे. मुलंमुली एकत्र शाखेत येणं त्या काळात सोपं नव्हतं, ते तिथे झालं (निळाई यांच्या मुद्द्याला जोडून). कलापथकातून नीळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर यांच्यासारखी माणसं पुढे आली. गावातल्या मंडळाचं पथनाट्य किंवा समूहगीत ऐकलं की ते कुठून झिरपलं असेल याचा अंदाज येतो.

दुसरी, नेहरू युवा केंद्र, १९७२. ग्रामीण भागात कागदावर दिसणारी पुष्कळ युवा मंडळं त्या संलग्नतेसाठी निघाली. व्हॉलीबॉल, नेट, पंप आणि कॅरम मिळायचा. काही मंडळं चेंडू पंक्चर होईपर्यंत टिकली, काही अजून चालू आहेत. ओसरींच्या सिद्धांताला हा चांगला अपवाद: जागा गावात हवी तेवढी होती, ग्रामपंचायतीची खोलीही होती, तरी बहुतेक मंडळं उडाली. मग टिकवतं काय?

---

चौथा मजला

जो माणूस किल्ली सांभाळतो तो. प्रत्येक मंडळात एक असतो. पद नाही, भाषण नाही, फोटोत कडेला अर्धा कापलेला. सकाळी खोली उघडतो, पेपर मांडतो, रात्री कॅरमच्या सोंगट्या मोजून ठेवतो. तो गेला की दोन वर्षांत खोलीचं गोडाऊन होतं.

---

शंकेखोर

हे मात्र पटलं. आधारस्तंभ वेगळा आणि किल्लीवाला वेगळा.

---

ओसरी

सगळ्यांचे आभार. माझा आराखडा बदलतोय. 'जागा' हे सूत्र ठेवतो, पण वाचनमात्र यांनी दाखवलेली फट बुजवायला हवी: जागा आणि ती रोज उघडणारा माणूस, दोन्ही. निळाई, आमची इतिवृत्तं काल चाळली. पहिलं बाईचं नाव खूप उशिरा येतं आणि तेही 'सौ.' लावून नवऱ्याच्या नावाने. त्यांची मूळ नावं शोधायला सुरुवात केली आहे. त्यातल्या एक आजी अजून दुसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांच्याकडे मंडळाच्या जुन्या लेझमीच्या जोड्या आहेत असं कळलं, आणि आमच्या साठा-नोंदवहीत त्या 'गहाळ' लिहिल्यात.

हिशेबनीस, एक शंका. आमच्याकडे नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र नाही, फक्त जुन्या पावतीपुस्तकावर छापलेला क्रमांक आहे. त्यावर नक्कल मिळेल का? आणि अर्ज कोणाच्या सहीने करायचा, आताच्या अध्यक्षांच्या की परिशिष्टावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या?

---

हिशेबनीस

क्रमांक पुरेसा आहे. ज्या जिल्ह्यात नोंदणी झाली तिथल्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात नकलेचा अर्ज करा. अर्जात मंडळाचं पूर्ण नाव जसं पावतीवर छापलंय तसंच लिहा. 'मित्र मंडळ' आणि 'तरुण मित्र मंडळ' यात फरक पडला तर शिपाई तुम्हाला भलतीच फाईल आणून देईल. नुसत्या नकलेसाठी आताच्या अध्यक्षांच्या सहीचा अर्ज चालावा. प्रश्न येईल तो बदल अर्जाच्या वेळी, तेव्हा मधल्या सगळ्या निवडणुकांचे ठराव मागतील.

इतिवृत्तांची पुस्तकं सगळी आहेत ना?

---

ओसरी

दोन नाहीत. माजी सरचिटणिसांच्या माळ्यावर असावीत. ते आता रस्त्याच्या पलीकडच्या मंडळात आहेत.

---

तालमीतला

मग प्रतिस्पर्ध्यांचं पान चांगलं लिहा, देतील वह्या.